पूर्णेवरचा ठेंगणा पूल

नांदुऱ्याहून जळगाव जामोदला जाताना येरळीला पूर्णा ओलांडावी लागते. उन्हाळ्यात नदी रोडावते, वाळू उघडी पडते. पावसाळ्यात तीच दोन्ही काठ भरून वाहू लागली की इथला जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जायचा आणि वाहतूक बंद व्हायची. आता शेजारी उंच पूल झाला आहे. पण या भागातल्या नदीनाल्यांवर असे ठेंगणे पूल अजून वापरात आहेत. ते बुडतात म्हणून कच्चे, असा समज आहे. खरे तर ते बुडण्यासाठीच बांधलेले असतात.

उंच पुलाला दोन्ही बाजूंनी लांब भराव लागतो, खर्च कितीतरी वाढतो. वर्षातले थोडे दिवस रस्ता बंद राहिला तरी चालेल, असा हिशेब करून जुन्या काळी ठेंगणे पूल बांधले गेले. पूर वर चढला की पाणी गाळ्यांतून आणि फरशीवरून, असे दोन्हीकडून निघून जाते. म्हणून भक्कम कठडा टाळतात. नळ्यांचे काढता येणारे कठडे किंवा बुटके दगड लावतात. कठड्यात झाडेझुडपे अडकली की पुलाचा बांध होतो आणि सगळा रेटा खांबांवर येतो. पाणी फरशीला टेकते ती वेळ सर्वांत अवघड. खाली कोंडलेली हवा फरशीला वर उचलू पाहते, म्हणून तिच्यात हवा सुटायला भोके ठेवतात.

खरी कसोटी मात्र पायाची. अजिंठ्याच्या डोंगराकडून येणाऱ्या नळगंगा, विश्वगंगा यांच्या वरच्या भागात काळा पाषाण लवकर लागतो. पूर्णेचे खोरे म्हणजे खचलेला, गाळाने भरलेला पट्टा. तिथे काही ठिकाणी शेकडो मीटर खोल गेले तरी खडक नाही. अशा नदीत विहिरीचा पाया घालतात. पात्रात काँक्रीटचे गोल कडे बांधायचे, त्याच्या तळाला लोखंडी धार द्यायची आणि आतली वाळू उपसत राहायचे. कडे स्वतःच्या वजनाने खाली सरकते. वरून त्याची उंची वाढवत न्यायची. ठरलेली खोली आली की तळ काँक्रीटने बंद करायचा.

ही खोली ठरते पुरावरून. खांबापाशी पाणी वळते, भोवरे धरते आणि तळाची वाळू उचलून नेते. पूर ओसरताना वाळू पुन्हा बसते, त्यामुळे नंतर पाहणाऱ्याला खड्डा दिसतही नाही. विहीर या खड्ड्याच्याही बरीच खाली गेलेली असावी लागते.

महाडजवळचा सावित्रीवरचा 1928 चा दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. जुन्या पुलाची तपासणी पाण्याखालीही व्हायला हवी, हे त्या रात्रीनंतर तरी कोणाला वेगळे सांगायला नको.

पुलाजवळचा वाळू उपसा मला म्हणूनच फार घातक वाटतो. पूर जे काही तासांसाठी करतो, ते उपसा कायमचे करून ठेवतो: विहिरीभोवतीचा आधारच काढून घेतो. पुलाच्या आसपास ट्रॅक्टर भरताना दिसले तर तहसील कार्यालयात कळवा. आणि फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. फूटभर वाहत्या पाण्यातही छोटी मोटार तरंगू शकते, आणि गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की नाही, हे काठावरून कळत नाही.