निकाल माहीत असतानाही

फिगर स्केटिंगमधले अजरामर कोण, हा विषय निघाला की आमच्या मंडळींत लगेच दोन तट पडतात. एक तट पदके मोजतो, दुसरा उड्यांमधल्या गिरक्या. मी या दोन्ही तटांशी आयुष्यभर भांडत आलो आहे. माझी कसोटी वेगळी आहे आणि जमेल तिथे ती मी मांडली आहे. निकाल माहीत असतानाही ज्याचा कार्यक्रम पुन्हा पाहावासा वाटतो आणि पुन्हा पाहताना त्यात नवे काही सापडते, तो अजरामर. बाकीचे विजेते. विजेत्यांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण त्यांची जागा नोंदवहीत आहे.

पदकांचा हिशेब आधी उरकून टाकू. स्वीडनच्या उलरिक सालकावने १९०१ ते १९११ या काळात दहा जागतिक विजेतेपदे मिळवली, शिवाय १९०८ च्या लंडन ऑलिंपिकचे सुवर्ण. आज तो उरला आहे एका उडीच्या नावापुरता. त्याच्याहून मला मॅज सायर्स अधिक आठवते. १९०२ मध्ये ही इंग्लिश बाई पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत उतरली, कारण स्त्रियांना मज्जाव करणारा नियम लिहायचे कोणाला सुचलेच नव्हते. ती सालकावच्या खालोखाल दुसरी आली. गिलिस ग्राफस्ट्रॉमची लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णे आहेत; त्याचे नाव जाणणारे आता थोडे. सोन्या हेनी १९२४ मध्ये शामोनीला अकराव्या वर्षी उतरली आणि शेवटची आली. पुढे तीन ऑलिंपिक सुवर्णे, सलग दहा जागतिक विजेतेपदे आणि मग हॉलीवूड. हेनीला मी अजरामर मानतो, पण दहाच्या आकड्यासाठी नव्हे. जे लोक कधी रिंकवर फिरकले नसते, त्यांना तिने या खेळाचे प्रेक्षक केले.

पदके पुरेशी नाहीत हे पटवायला मी नेहमी जोड्यांचे उदाहरण देतो. इरिना रोदनिनाची तीन ऑलिंपिक सुवर्णे आणि दहा जागतिक विजेतेपदे, तीही दोन वेगवेगळ्या जोडीदारांसह. वेग, ताकद, अचूकपणा, कशातही उणे नाही. तिच्या आधीची जोडी ल्युदमिला बेलोउसोवा आणि ओलेग प्रोतोपोपोव यांची. त्यांची सुवर्णे दोनच, १९६४ आणि १९६८ ची. दुसरे सुवर्ण मिळवताना ती बत्तीस वर्षांची होती, तो पस्तीसचा. रोदनिनाचा कार्यक्रम पाहिला की आपण थक्क होतो आणि विषय संपतो. प्रोतोपोपोव दांपत्याचा डेथ स्पायरल लागला की मी खोलीतल्या माणसांना गप्प बसवतो. ती बर्फाला जवळजवळ टेकलेली, त्याचा हात स्थिर, आणि तिच्या ब्लेडची एकच धार वर्तुळ काढत राहते, कुठेही घाई नाही. १९७९ मध्ये ती दोघे सोव्हिएत संघ सोडून स्वित्झर्लंडला गेली आणि ऐंशीच्या घरात असतानाही लोकांसमोर स्केटिंग करत राहिली. तेव्हा उड्या कधीच संपल्या होत्या. उरली होती ती धार, आणि ती पाहायला लोक येत होते.

आता गिरकीवाले. डिक बटनने १९४८ मध्ये सेंट मॉरित्झला पहिला डबल ॲक्सल मारला, १९५२ मध्ये ओस्लोला पहिली तिहेरी उडी. आज डबल ॲक्सल शाळकरी मुले करतात. १९८८ मध्ये बुडापेस्टला कर्ट ब्राउनिंगची पहिली चौपट उडी आली. त्याच वर्षी मिदोरी इतोने स्त्रियांतला पहिला ट्रिपल ॲक्सल केला. २०२२ मध्ये इलिया मालिनिनने चौपट ॲक्सलही करून दाखवला. 'पहिला' या मानाला कोणी धक्का लावू शकत नाही, पण 'पहिला' आणि 'अजरामर' यांत फरक आहे. इतो अजरामर आहे ती तिच्या उड्यांच्या उंचीमुळे आणि १९९२ च्या अल्बरव्हिलमुळे. तिथे ट्रिपल ॲक्सलवर ती पडली, आणि पाय थकलेले असताना कार्यक्रमाच्या उत्तरार्धात तीच उडी तिने पुन्हा घेऊन साधली. तो क्षण मी अजूनही श्वास रोखून पाहतो.

गिरकीवाल्यांसमोर मी एक साधा हिशेब ठेवतो. चौपट उडीत स्केटर हवेत असतो सेकंदापेक्षाही कमी, साधारण पाऊण सेकंद. फ्री स्केटिंगमध्ये उड्यांचे सात घटक, जोडउड्या धरून अकराच्या आसपास उड्या. सगळ्यांचा हवेतला वेळ जोडला तरी दहा सेकंद भरत नाहीत. कार्यक्रम चार मिनिटांचा असतो. उरलेल्या साडेतीन मिनिटांहून अधिक काळात माणूस काय करतो, हा माझा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देताना आमचे गिरकीवाले मित्र नेहमी घड्याळ पाहू लागतात.

माणूस धारेवर असतो. ब्लेडच्या मधोमध खोबण असते, म्हणून दोन धारा तयार होतात, आतली आणि बाहेरची. शरीर झुकले की एकच धार बर्फात रुतते आणि वळण निघते. झुकाव जितका खोल, गुडघा जितका नरम, तितके ते वळण लांब आणि वेगवान, आणि आवाज तितका कमी. उत्तम स्केटर वेग वाढवताना ढकलताना दिसतच नाही. गाणे ऐकणाऱ्यांसाठी सांगायचे तर उडी ही तान आहे आणि धार ही मींड. तानेला टाळी पडते, पण गवई ओळखला जातो मींडेवर. पुन्हा पाहण्याचे रहस्यही इथेच आहे. उडी बसते की नाही ही उत्कंठा पहिल्या वेळेलाच संपते. धार मात्र दुसऱ्यांदा पाहावी तेव्हा दिसू लागते, कारण तेव्हा नजर मोकळी असते.

ही धार कोठे घडायची? काँपल्सरी फिगर्समध्ये. पहाटेच्या थंडीत बर्फाच्या छोट्या तुकड्यावर आठाचे आकडे, थ्री टर्न, ब्रॅकेट, रॉकर, काउंटर, लूप. त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा जायचे, आणि पंच बर्फावर वाकून रेघ तपासणार. १९६८ पर्यंत साठ टक्के गुण या आकृत्यांना होते. प्रेक्षकांना त्यात काडीचा रस नव्हता आणि स्पर्धा म्हणून ती पद्धत अन्यायकारक होती, हे मी मान्य करतो. १९७२ च्या साप्पोरोत ऑस्ट्रियाची त्रिक्सी शुबा फ्री स्केटिंगमध्ये सातवी आली आणि आकृत्यांच्या बळावर सुवर्ण घेऊन गेली.

आणि फ्री स्केटिंगमध्ये सगळ्यांच्या वर असलेली जॅनेट लिन तिसरी आली. माझा सगळा पक्ष या मुलीवर उभा आहे. अमेरिकेतल्या इलिनॉयमधले रॉकफर्ड हे तिचे गाव, स्लावका कोहाउट तिच्या प्रशिक्षक. लिनने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, जागतिक किंवा ऑलिंपिक सुवर्ण एकदाही नाही. साप्पोरोला ती सिट स्पिन घेताना बर्फावर बसलीच, आणि हसत उठली. त्या हसण्याने सारा जपान तिच्या प्रेमात पडला, असे नेहमी लिहिले जाते. हसणे गोड होते यात वाद नाही, पण पडण्याआधीचे आणि नंतरचे स्केटिंग कोणी पाहतच नाही याचे मला दुःख होते. ती उडीवरून उतरते तेव्हा उतरणे आणि पुढचे वळण यांच्यात सांधा दिसत नाही. वरचे शरीर स्वस्थ, पाय बोलत असतात.

पंचांची पद्धत बदलायला हवी अशी ओरड झाली आणि १९७३ पासून शॉर्ट प्रोग्रॅम आला, आकृत्यांचे वजन चाळीस टक्क्यांवर आले. लिनसारख्यांना न्याय मिळावा म्हणून आलेल्या त्या शॉर्ट प्रोग्रॅममध्येच ब्रातिस्लावाला ती पडली. फ्री स्केटिंग जिंकूनही तिच्या हाती रौप्यच आले. लगेच आइस फॉलीजने तिच्याशी तीन वर्षांचा साडेचौदा लाख डॉलरचा करार केला. तेव्हा जगातल्या कुठल्याही स्त्री-खेळाडूला इतके पैसे मिळत नव्हते. पदकांत तिसरी-दुसरी राहिलेल्या मुलीला लोक तिकीट काढून पाहणार, हे त्या व्यापाऱ्यांना कळले होते. आमच्या पदकवाल्यांना अजून कळलेले नाही.

लिनची कॅसेट मला अमेरिकेतल्या मामेबहिणीने पाठवली होती. तिकडची कॅसेट आमच्या व्हीसीआरवर धड चालत नसे, चित्र थरथरायचे आणि रंग उडून जायचे. पण पांढऱ्या बर्फावर काळी आकृती एवढेच दिसत असल्यामुळे नजर पोशाखावर गेली नाही, वळणांवर गेली. स्केटिंग पाहायला मी तिथे शिकलो. आज लोक मोठ्या पडद्यावर, स्वच्छ रंगांत पाहतात, आणि पाहताना एका कोपऱ्यात गुण चढत असतात. त्यांची नजर त्या कोपऱ्यावर खिळलेली असते.

माझ्या पक्षाचा दुसरा आधार जॉन करी. जन्म १९४९, बर्मिंगहॅमचा. लहानपणी त्याला बॅले शिकायचे होते. वडिलांनी नकार दिला. स्केटिंग हा खेळ आहे म्हणून त्याला परवानगी मिळाली. पुरुष स्केटरने हात असे मोकळे टाकू नयेत, असे समजणाऱ्या काळात तो वाढला. पुढे अमेरिकेत कार्लो फास्सींकडे गेला. पेगी फ्लेमिंगला १९६८ मध्ये सुवर्ण मिळवून देणारे हेच फास्सी. त्यांनी करीच्या उड्या पक्क्या केल्या, नृत्याला हात लावला नाही. १९७६ मध्ये इन्सब्रुकला मिंकुसच्या 'डॉन क्विक्झोट'च्या संगीतावर करी उतरला आणि कलेला नाके मुरडणाऱ्या पंचांना बोट ठेवायला जागाच उरली नाही. त्याच वर्षी त्याने युरोपीय, ऑलिंपिक आणि जागतिक, तिन्ही विजेतेपदे घेतली. इन्सब्रुकलाच कांस्य मिळालेला कॅनडाचा टोलर क्रॅन्स्टन वेगळ्या वाटेचा होता, भडक, नाट्यमय, चित्रकार माणूस. त्यालाही मी या घराण्यात धरतो.

करी मोठा ठरतो तो पदकानंतर. बहुतेक विजेते आइस शोमध्ये शिरतात आणि तेच तीन कार्यक्रम म्हातारपणापर्यंत करतात. करीने स्वतःची मंडळी उभी केली. बॅले शिकवावा तसा बर्फावर रोजचा वर्ग घेतला. ट्वायला थार्प, केनेथ मॅकमिलन यांच्यासारख्या नृत्यरचनाकारांनी त्याच्यासाठी रचना केल्या. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसच्या रंगमंचावर बर्फ घालून त्याच्या मंडळींचे प्रयोग झाले. तिथे ना पंच, ना गुण. पैसा कधी पुरला नाही, प्रकृतीही टिकली नाही. एड्सने १९९४ मध्ये, चव्वेचाळीसाव्या वर्षी तो गेला. स्पर्धा काढून घेतली तरी स्केटिंग उरते, हे त्याने सिद्ध केले. माझ्या मते या खेळात याहून मोठे काम कोणी केलेले नाही.

त्याच १९८४ मध्ये सारायेव्होला जेन टॉर्व्हिल आणि क्रिस्तोफर डीन यांचा 'बोलेरो' झाला. कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ पंचांनी सहापैकी सहा दिले. त्याबद्दल इतके लिहून झाले आहे की मी थांबतो. कातारिना विटची दोन सुवर्णे आहेत, पण मी पाहतो ती १९९४ ची विट, जी युद्धात होरपळणाऱ्या सारायेव्होला आपला कार्यक्रम अर्पण करून सातवी आली. मिशेल क्वानला ऑलिंपिक सुवर्ण नाही, पाच जागतिक विजेतेपदे आहेत. १९९८ मध्ये नागानोला तिला मागे टाकणारी मुलगी पंधरा वर्षांची होती. कोणाचे कार्यक्रम लोक अजून पाहतात, हे सांगायला नको.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. २०१० च्या व्हँकुव्हरमध्ये मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी ओरिजिनल डान्ससाठी हिंदी चित्रपटांची गाणी घेतली होती, त्यांत 'देवदास'मधले 'डोला रे' होते. त्यांना रौप्य मिळाले. हात-मान-डोळे यांचे काम त्यांनी मनापासून शिकून घेतले होते आणि पावलांचा ठेका धारेवर उतरवला होता. उसने संगीत नुसते अंगावर चढवणे आणि पायात उतरवणे यांतला फरक तिथे स्वच्छ दिसतो.

मग उतरण लागली. १९९० नंतर आकृत्या गेल्या. २००२ च्या सॉल्ट लेक सिटीत जोड्यांच्या निकालावरून घोटाळा झाला, दुसरे सुवर्ण द्यावे लागले आणि २००४ मध्ये सहा गुणांची पद्धत मोडीत निघाली. पंचांना लगाम घालायलाच हवा होता. पण नव्या पद्धतीत प्रत्येक वळणाला, प्रत्येक स्पिनच्या प्रत्येक स्थितीला किंमत चिकटली. परिणामी रिकामा सेकंद कोणालाच परवडेना. धार लांब धरून संगीताला पुढे जाऊ देणे हा आता तोटा आहे. २०१८ मध्ये उत्तरार्धातल्या उड्यांना जास्त गुण होते म्हणून अलिना झागितोवाने सगळ्या उड्या उत्तरार्धात ठेवल्या आणि जिंकली. नियमाप्रमाणे ते अगदी योग्य होते. पूर्वार्ध मात्र वाट पाहण्यात गेला. आणि मुली इतक्या लवकर येऊ आणि जाऊ लागल्या की नाव पाठ होईतो निवृत्तीची बातमी येई. वरिष्ठ स्पर्धेसाठी किमान वय सतरा करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला, तो फार उशिरा झाला.

या उतरणीत एकच माणूस पाय रोवून उभा राहिला, युझुरू हान्यू. सेंदाईचा हा मुलगा २०११ च्या भूकंपाच्या वेळी रिंकवरच होता, पायांत स्केट्स असतानाच बाहेर पळाला. ही कथा प्रत्येक लेखात असते, आणि २०१४ व २०१८ ची सुवर्णेही. बटननंतर सहासष्ट वर्षांनी कोणा पुरुषाने एकेरीचे सुवर्ण राखले. मी मात्र लोकांना त्याचा ट्रिपल ॲक्सल पाहायला सांगतो, उडीसाठी नव्हे, आधीच्या-नंतरच्या पावलांसाठी. तयारीचा लांबलचक सरळ पल्ला नाही. वळणातून उडी निघते आणि वळणातच मिसळते. नव्या पद्धतीतले सगळे गुण घेऊनही जुनी धार जपता येते, याचा हा पुरावा. २०२२ मध्ये बीजिंगला तो चौपट ॲक्सलवर पडला, चौथा आला, आणि पुढच्या वर्षी एकट्याने टोकियो डोम भरवला. करीचे स्वप्न कोणी पुढे नेले असेल तर यानेच.

मालिनिनबद्दल मला आज विचारतात. मुलगा विलक्षण आहे. २०२४ आणि २०२५ ची जागतिक विजेतेपदे त्याने ज्या अंतराने मिळवली ते थक्क करणारे आहे. पण त्याच्या उड्यांची बरोबरी कोणीतरी करणारच. त्याने आता दोन वर्षे गुडघा आणि धार यांवर घालवावीत, असे मला कळकळीने वाटते.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेकडे माझी मागणी लहान आहे. आकृत्यांची स्पर्धा परत आणा असे मी म्हणत नाही. २०१५ मध्ये लेक प्लॅसिडच्या काळ्या बर्फावर हौशी मंडळींनी ती स्वतंत्रपणे जिवंत केलीच आहे. पण कनिष्ठ गटाच्या परीक्षांत आकृत्या सक्तीच्या करा आणि फ्री स्केटिंगमध्ये एकाच धारेवर सलग आठ सेकंद राहणाऱ्याला एका तिहेरी उडीइतके गुण द्या. नियम दरवर्षी बदलतातच. एवढा एक बदल झाला तर पाच वर्षांत प्रशिक्षक मुलांना पुन्हा सरकायला शिकवू लागतील, आणि आपल्या नातवंडांना पुन्हा पुन्हा पाहण्याजोगे काहीतरी मिळेल.