सरकारी कागदांतील शब्दार्थ

गतवर्षीं श्रावणांत आमच्या वडील बंधूंच्या छातींत पहाटे कळ आली. वय ७४. शेजारच्या मुलांनीं त्यांस तालुक्याच्या गांवीं एका खासगी रुग्णालयांत नेलें. तेथील डॉक्टरांनीं रक्तवाहिनींतील अडथळा दूर केला, दादा वांचले. त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणीच आहों. पांचव्या दिवशीं दोन लाखांवर देयक हातीं आलें. वहिनींनीं मोठ्या विश्वासानें पिशवींतून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढून पुढें केलें. खिडकीपाशीं बसलेले गृहस्थ शांतपणें म्हणाले, “आजी, आमचें रुग्णालय अंगीकृत नाहीं.” त्याच सायंकाळीं वहिनींच्या पाटल्या पेढीवर गेल्या.

दोष कोणाचा म्हणाल, तर माझा. जन्मभर मुलांस समास सोडवावयास शिकविलें, आणि घरांत आलेल्या कागदावरील एकहि शब्द सोडवून पाहिला नाहीं.

‘अंगीकृत’ हें च्वि-प्रत्ययाचें रूप. जें मूळचें आपलें अंग नव्हतें तें आपलें करून घेतलें, हा त्याचा भाव. योजनेशीं करार केलेलें रुग्णालय तेवढें अंगीकृत. इतर कितीहि नामांकित असो, तेथें कार्ड चालत नाहीं. त्यांतहि मेख अशी कीं, हा अंगीकार उपचारपरत्वें असतो. हाडांच्या शस्त्रक्रियांसाठीं अंगीकृत असलेलें रुग्णालय हृदयरोगासाठीं असेलच असें नाहीं.

‘लाभार्थी’ हा शब्द याहून फसवा. ज्यास लाभ झाला तो लाभार्थी, अशी आपली समजूत. पण विद्यार्थी म्हणजे ज्यास विद्या मिळाली तो नव्हे, हें शिक्षकाइतकें कोणास ठाऊक असणार! अर्थी म्हणजे इच्छिणारा, मागणारा. पात्रता असली तरी आधारची पडताळणी करून कार्ड काढावें लागतें आणि रुग्णालयांत दाखल होतांना दाखवावें लागतें.

आतां ‘कुटुंब’. आमच्या आजोबांच्या तोंडीं ‘आमचें कुटुंब’ म्हणजे आजी. आपण एकत्र राहणारीं माणसें चुलते-पुतणे धरून सारीं मोजतों. सरकार शिधापत्रिका पाहतें. एका वाड्यांत तीन पत्रिका असल्या तर कुटुंबें तीन. २०२३ च्या शासननिर्णयानें महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यांतील पांढऱ्या पत्रिकेवाल्यांसहि खुली केली आणि पूर्वीची दीड लाखांची मर्यादा ५ लाखांवर नेली. पण ही रक्कम दरवर्षीं दर कुटुंबास आहे, दर माणशीं नाहीं. म्हणून नव्या सूनबाईंचें नांव माहेरच्या पत्रिकेंतून उतरून सासरच्या पत्रिकेंत चढलें आहे कीं नाहीं, हें लग्नाच्या गडबडींतहि पाहावें. २९ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्राची आयुष्मान भारत योजना ७० वर्षें पूर्ण झालेल्या सर्वांस उत्पन्नाची अट न घालतां खुली झाली. तेथेंहि पति-पत्नी दोघेंहि सत्तरीपलीकडचीं असलीं तर ५ लाख दोघांत मिळून. वय आधारावर छापलेलें धरतात. जन्मपत्रिकेचा तेथें उपयोग नाहीं.

‘रोकडरहित’ म्हणजे उपचाराचे पैसे योजनेकडून थेट रुग्णालयास जातात. आपण आधीं भरून मागाहून परत मागावे, अशी ही रीत नव्हे. ‘अंतर्रुग्ण’ म्हणजे दाखल झालेला. नुसतें तपासून घेऊन घरीं परतणारा तो ‘बाह्यरुग्ण’, त्याचा खर्च सामान्यतः योजनेंत बसत नाहीं. ‘पूर्वपरवानगी’ ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेआधीं रुग्णालयानेंच मागवावयाची असते. तातडीच्या प्रसंगीं दूरध्वनीनें कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे. हें सारें मार्गीं लावणारा माणूस अंगीकृत रुग्णालयांतच बसलेला असतो. त्यास ‘आरोग्यमित्र’ म्हणतात.

मार्गशीर्षांत वहिनींच्या पित्ताशयांतील खड्यांची शस्त्रक्रिया निघाली. या वेळीं मी डॉक्टरांआधीं आरोग्यमित्रास भेटलों. हें रुग्णालय याच शस्त्रक्रियेसाठीं अंगीकृत आहे ना, हें त्यास दोनदां विचारलें. तो तरुण हंसला, पण त्यानें नोंद काढून दाखविली. परवानगी तिसऱ्या दिवशीं आली, आणि वहिनी एक रुपयाहि न भरतां घरीं आल्या. पाटल्या मात्र अद्याप पेढीवरच आहेत.