कानाच्या ऑपरेशनचा सराव : डॉक्टरांची आभासी प्रयोगशाळा



कानामागे बोट लावून पहा. टणक उंचवटा लागतो ना? ते कवटीचंच हाड आहे. कानाचा नाजूक भाग या हाडाच्या आत दडलेला असतो.

कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन छोटी हाडं असतात. यातली रिकीब शरीरातलं सर्वांत लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचं. म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान! त्यामागे गोगलगायीच्या शंखासारखं, सुमारे अडीच वेढ्यांचं कर्णावर्त असतं. याच हाडातून चेहरा हलवणारी नस जाते. मेंदूचं आवरण आणि एक मोठी रक्तवाहिनी तर अगदी लागूनच.

आपल्या भागात 'पोराचा कान फुटलाय' असं म्हणून कान वाहण्याकडे बरेचदा दुर्लक्ष होतं. काही वेळा ही लागण हाडापर्यंत पोहोचते. मग डॉक्टरांना मायक्रोस्कोपमधून पाहत, बारीक ड्रिलने खराब हाड कोरून काढावं लागतं. हात जरा चुकून नसेला लागला, तर अर्धा चेहरा लुळा पडू शकतो, डोळाही मिटत नाही.

मग नवीन डॉक्टरांनी शिकायचं कुठे?

जुनी आणि आजही महत्त्वाची पद्धत म्हणजे मृत व्यक्तीच्या हाडावर सराव करणे. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्यामुळे वैद्यकीय महाविद्यालयांना अभ्यासासाठी मृतदेह मिळतात. देहदानाचा मोठा उपयोग इथे होतो. पण अडचण अशी की, एक हाड एकदाच कोरता येतं.

इथे आभासी वास्तव, म्हणजेच व्हर्च्युअल रिॲलिटी मदतीला येते. कानाच्या हाडाच्या पातळ कापांची चित्रं किंवा सीटी स्कॅन जोडून संगणकात त्रिमितीय कान तयार करतात. शिकणारा डॉक्टर पडद्यावर तो कान पाहतो. त्याच्या हातात पेनासारखं यंत्र असतं. पडद्यावरचं ड्रिल हाडाला टेकलं की यंत्रातल्या मोटारी हाताला उलटा जोर देतात. त्यामुळे खरोखर कठीण वस्तू कोरल्यासारखं वाटतं. चूक झाली? पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, कुणालाही इजा नाही! जर्मनीतल्या हॅम्बुर्ग विद्यापीठात 'व्हॉक्सेल-मॅन' हे यंत्र विकसित झालं. डेन्मार्कचं 'व्हिजिबल इअर सिम्युलेटर' तर मोफत उपलब्ध करून दिलेलं आहे.

अर्थात, यंत्रात खऱ्या रक्तस्रावाचा आणि हाडाच्या स्पर्शाचा हुबेहूब अनुभव येत नाही. म्हणून क्रम असा : आधी संगणक, मग खरं हाड आणि शेवटी अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण. कर्णबधिर बालकांच्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्येही याच हाडातून वाट काढून बारीक तार कर्णावर्तात सरकवतात. या कामात मोठं योगदान देणारे मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली.

पण डॉक्टर कितीही तयार झाले, तरी मूल त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचायला हवं ना? म्हणून पालक आणि शिक्षकांनो, एवढं नक्की करा :

१. मागून हाक मारली तर मूल वळतं का, श्रुतलेखनात सतत चुका होतात का, टीव्हीचा आवाज सारखा वाढवतं का, हे पहा.
२. कानात गरम तेल, काडी, पिन घालू नका.
३. कान वाहत असेल तर थांबू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.
४. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत किंवा अंगणवाडीत आलं की अशा मुलाची माहिती आवर्जून द्या.

वर्गात 'ऐकत नाही' म्हणून आपण ज्याला रागावतो, त्याला कदाचित ऐकूच येत नसेल. उद्या एकदा त्याच्या मागे उभं राहून हळू हाक मारून पहा.