ताठ मानेचं दुखणं

माझ्या लहानपणी गडमुडशिंगीत पोहायला कुणी शिकवत नसे. पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा, थोरल्या भावाचा किंवा चुलत्याचा हात पाठीत बसला की पोरगं विहिरीत! चार-आठ दिवसांत डबा सुटे आणि तेच पोरगं काठावरून मुटके मारू लागे. त्या शाळेत नियम एकच : मान पाण्याच्या वर ठेवायची. वरून कोण उडी टाकतोय, पायऱ्या किती लांब आहेत, हे दिसलं पाहिजे. विहिरीत ते शहाणपणच होतं.

ती पिढी आता साठीत आली आहे. ‘गुडघे जपा, पोहायला जा,’ असं डॉक्टरांनी सांगितल्यावर आमच्यापैकी बरेचजण कोल्हापुरातल्या जलतरण तलावांकडे वळले आणि महिन्याभरात मान धरून बसले. माझ्या एका मित्राने तर पोहणंच सोडायचं ठरवलं. ‘‘गुडघा वाचवायला गेलो आणि मान घालवून बसलो,’’ असं तो म्हणाला. त्याचं चालणं आधीच कमी झालेलं. पोहणंही सुटलं, तर उरते खुर्ची आणि टीव्ही. वरवर किरकोळ वाटणारं हे दुखणं माणसाला घरात बसवू शकतं.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला आधी हिशेब सुचतो. २५ मीटरच्या तलावात एक किलोमीटर म्हणजे ४० वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे. एका खेपेला २० हात आणि दर दोन हातांना एक श्वास धरला, तर खेपेला १० श्वास, किलोमीटरला ४००. म्हणजे मान ४०० वेळा वळते आणि तीही बहुधा एकाच बाजूला. त्यात डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. पाण्यावर सोडलं तर पाणी ते तोलतं, वर धरलं तर मानेला तोलावं लागतं. कवटीपासून खांद्यापर्यंत पसरलेले स्नायू मग आवळून राहतात. शिवाय डोकं वर गेलं की तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखे पाय खाली जातात. पाय बुडाले की पाणी अडवतं, दम लागतो, आणि दम लागला की माणूस मान आणखी वर काढतो.

‘पण टारझन?’ असं कुणी विचारील. पडद्यावरचा टारझन जॉनी वाइसमुलर हा १०० मीटर फ्रीस्टाईल एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला माणूस. साल १९२२. तो डोकं आणि छाती उंच ठेवूनच पोहायचा. खरं आहे, पण त्याचं काम मिनिटभराचं होतं, आपलं पाऊण तासाचं. आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाईल पोहला. त्या पातळीवर ५० मीटरची शर्यत बावीस-तेवीस सेकंदांत आटोपते आणि तेवढ्यात कित्येकजण एकही श्वास घेत नाहीत. तिथे मान वळवायचा प्रश्नच येत नाही.

माझ्या मित्राला तलावावरच्या तरुण प्रशिक्षक मुलीने चारच गोष्टी सांगितल्या. नजर समोरच्या भिंतीकडे नको, तळाकडे हवी. श्वास घेताना नुसती मान वळवायची नाही, खांदे आणि कंबरही वळवायची. एक डोळा पाण्यातच राहिला की बेताचं वळलो असं समजावं. श्वास पाण्यातच सोडून टाकायचा, म्हणजे तोंड बाहेर आल्यावर फक्त आत घेणं उरतं. आणि जमेल तसं तीन हातांनी एक श्वास, म्हणजे डावी-उजवी बाजू आपोआप आलटून-पालटून येते. मध्येमध्ये उताणं पोहावं. मान वर काढून बेडकासारखं पोहण्यात मात्र विश्रांती नाही, त्याच स्नायूंवर ताण येतो.

घरीही थोडं करण्यासारखं आहे. दुखत असताना दोन-चार दिवस फ्रीस्टाईल बंद ठेवावं, मानेला सोसवेल असा शेक द्यावा. मग हनुवटी सरळ मागे घ्यायची, पाच आकडे मोजायचे आणि सोडायची. पण हाताला मुंग्या येत असतील, बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवत असेल, चक्कर येत असेल, ताप असेल किंवा उडी मारताना मार बसला असेल, तर घरचे उपाय बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जावं.

मित्राला सगळ्यात जड गेलं ते खाली बघणं. ‘‘पुढचं दिसत नाही, भीती वाटते,’’ असं तो म्हणे. मला त्यात नवल वाटलं नाही. पन्नास वर्षं ज्या सवयीनं जीव सांभाळला, ती आठवड्यात कशी सुटेल? पहिल्या दिवशी तो दोनच खेपा तसा पोहला, मग चार, मग सहा. दीड-दोन महिन्यांनी मानेचं दुखणं कमी झालं. आता तो तलावाच्या तळाच्या फरशा मोजत जातो आणि शेवट जवळ आला हे तळाच्या काळ्या पट्टीवरून ओळखतो. ताठ मानेनं जगावं हे खरंच, पण पाण्यावर पडल्यावर डोक्याचा भार पाण्याच्या हवाली करावा. ते तो नीट तोलतं.