आळशी म्हणू नका, सोबत चाला!

कॅम्प २ च्या कुठल्याही गल्लीत असे एखादे घर सापडेल. आई सकाळीच चार घरची धुणीभांडी करून परत येते, तरी पंचवीस वर्षांचा मुलगा अंथरुणातच असतो. गोळ्यांनी कानातले आवाज थांबले आहेत, संशयही कमी झाला आहे. पण साखर, चहापत्ती आणि साबण आणायला पाठवले, तर तो फक्त साखर घेऊन येतो. शेजारी म्हणतात, "आता बरा झालाय ना? मग कामाला का जात नाही? आळशी आहे."

हा आळस नाही. हा स्किझोफ्रेनियाचाच भाग आहे.

न दिसणारा आजार

भास आणि संशय सगळ्यांना दिसतात. पण या आजारात लक्ष टिकत नाही, ऐकलेले ध्यानात राहत नाही, समोरच्याच्या मनातले ओळखता येत नाही. गोळ्या भासांवर चांगल्या चालतात, या त्रासावर मात्र त्यांचा उपयोग थोडाच होतो. हातचे काम सुटते ते अनेकदा यामुळेच. त्यात काही औषधांनी भूक, वजन आणि सुस्ती वाढते. माणूस बसून राहिला की मधुमेह आणि हृदयविकार लवकर गाठतात.

चालण्याने डोक्याला काय फायदा?

इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी १० अभ्यासांतील ३८५ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. औषधे चालू ठेवून सुमारे १२ आठवडे दम वाढवणारा व्यायाम केलेल्यांचे लक्ष, तात्पुरते ध्यानात ठेवण्याची शक्ती आणि माणसे समजून घेण्याची क्षमता सुधारलेली दिसली. व्यायाम जास्त, तसा फायदाही जास्त. आणि जाणकाराच्या देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांना अधिक फायदा झाला. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत औषधांच्या जोडीला योगासनांचाही अभ्यास झाला आहे. बाहेर पडायला संकोच वाटणाऱ्या मुलीबाळींना घरातून सुरुवात करायला आसने बरी.

व्यायामाने आजार मुळापासून जात नाही. पण तीन वस्तूंपैकी तीनही लक्षात राहू लागल्या, तर त्या घराला ते काही कमी नाही.

सुरुवात कशी करावी?

• आधी डॉक्टरांना विचारा. वजन, बीपी आणि साखर तपासून घ्या.
• पहिला आठवडा रोज फक्त १० मिनिटे. हळूहळू आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास.
• चाल अशी हवी, की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही.
• वेळ एकच ठेवा. गोळीमुळे सकाळी झोप उतरत नसेल तर संध्याकाळी जा. भर उन्हात नको, कारण काही औषधांमुळे उन्हाचा त्रास लवकर होतो. पाण्याची बाटली सोबत घ्या.
• "जा, फिरून ये" म्हणू नका, "चल, आपण जाऊ" म्हणा. भाऊ, मामा, मित्र यांनी वार वाटून घ्यावेत. गोल मैदानाला फेऱ्या मारा, नाहीतर विहारापर्यंत जाऊन या.
• एखाद्या दिवशी तो नाही आला तर रागावू नका. उद्या पुन्हा बोलवा.

हे मात्र करू नका

बरे वाटले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. आजार उलटतो. अंगारे-धुपारे आणि उतारे यांत वेळ व पैसा घालवू नका. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरालाही डॉक्टरांना न विचारता पाठवू नका. गंभीर मानसिक आजारात असे शिबिर करू नये, असे विपश्यना केंद्रेच सांगतात.

उपचार अजून सुरू नसतील तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. घरबसल्या बोलायचे असेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर २४ तास मोफत, मराठीतही सल्ला मिळतो.

वस्तीत कोणाला ताप आला तर आपण विचारपूस करायला जातो. या घरीही जा. आणि जाताना पायात चपला असू द्या, कारण त्याला घेऊन फिरायला निघायचे आहे.