लेखांक ६ : पानांच्या काढ्यात घडणारी चांदी

अब्जांश कण म्हणजे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण, हे गेल्या आठवड्यात आपण पाहिलं. धातू एवढा बारीक केल्यावर काय होतं, याचा एक हिशेब आधी मांडतो. एक ग्रॅम चांदीचा घन केला तर त्याचा पृष्ठभाग जेमतेम सव्वा चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच चांदीचे १० नॅनोमीटर व्यासाचे गोल कण केले तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो सुमारे ५७ चौरस मीटर, म्हणजे ६०० चौरस फुटांच्याही वर. जिवाणू मारणं असो की सांडपाण्यातला रंग तोडणं, धातूचं काम पृष्ठभागावरच चालतं.

असे कण बनवायची नेहमीची रीत अशी: धातूच्या क्षाराच्या द्रावणात सोडियम बोरोहायड्राइड किंवा हायड्रॅझिनसारखा जोरदार क्षपणक घालायचा. तो धातूच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतो, आयनांचे अणू होतात आणि अणू एकत्र येऊन कण वाढतो. पण हायड्रॅझिन विषारी आहे. जे कण उद्या जखमेवर लावायचे, त्यांच्यात त्याचा मागमूसही राहून चालणार नाही.

यावरचा एक महत्त्वाचा मार्ग पुण्यात आखला गेला, आणि त्याची माहिती मराठी वाचकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही, याचं मला वाईट वाटतं. टेक्सासमधल्या एल पासो इथल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं होतं की, जिवंत लसूणघास सोनं शोषून घेते आणि तिच्या आत सोन्याचे अब्जांश कण तयार होतात. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद, शिव शंकर आणि त्यांचे सहकारी तेव्हा बुरशीकडून हे काम करून घेत होते. मग ते पानांकडे वळले. २००३ मध्ये जिरेनियमच्या पानांपासून चांदीचे कण झाले, २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांपासून चांदीचे आणि सोन्याचेही. बुरशीपेक्षा कडुनिंबाचा वेग कितीतरी जास्त निघाला.

कृती अगदी साधी आहे. पानं स्वच्छ धुऊन बारीक चिरायची, ऊर्ध्वपातित पाण्यात थोडा वेळ उकळायची आणि काढा गाळून घ्यायचा. तो सिल्व्हर नायट्रेटच्या अगदी पातळ, रंगहीन द्रावणात थोडासा घालायचा. हळूहळू द्रावण पिवळं पडतं, मग तपकिरी होत जातं. हा रंग पानाचा नसतो. चांदीच्या कणातले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकसाथ आंदोलित होतात आणि ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतात. आपल्यापर्यंत पोहोचतो तो उरलेला पिवळा-तपकिरी. सोन्याचे बारीक गोल कण ५२० नॅनोमीटरच्या जवळपास शोषण करतात, म्हणून ते द्रावण माणकासारखं लाल दिसतं.

इलेक्ट्रॉन देतात ते पानातले फ्लॅव्होनॉइड, टर्पिनॉइड, पॉलिफेनॉल आणि शर्करा यांसारखे पदार्थ. पण माझ्या मते पानाचं खरं कौशल्य पुढच्या कामात आहे. नुसते धातूचे कण पाण्यात सोडले तर ते एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि तळाशी बसतात. पानातलेच रेणू कणाभोवती वेष्टन घालून ते टाळतात. शिवाय कण कोणत्या दिशेने वाढावा यावरही त्यांचा ताबा असतो. याचा सर्वांत सुंदर पुरावा गवती चहाने दिला. पुण्याच्या याच गटाने २००४ साली ‘नेचर मटेरियल्स’मध्ये दाखवलं की, गवती चहाच्या काढ्यात सोन्याचे चपटे, त्रिकोणी कण मोठ्या प्रमाणात तयार होतात. असे त्रिकोण अवरक्त प्रकाश शोषून तापतात. त्या उष्णतेने कर्करोगाच्या पेशी मारता येतील का, हा प्रश्न तिथूनच पुढे येतो.

पर्यावरणाच्या बाजूला लोखंड अधिक उपयोगी आहे, कारण ते स्वस्त आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतले राजेंदर वर्मा आणि सहकाऱ्यांनी २००९ साली चहाच्या अर्कातून लोखंडाचे कण बनवले आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोडीने एका रंगद्रव्याचं विघटन करून दाखवलं. कातडी कमावण्याच्या आणि मुलामा देण्याच्या कारखान्यांतून येणारं घातक षट्संयोजी क्रोमियमही लोखंडाच्या कणांमुळे कमी विषारी त्रिसंयोजी रूपात येतं.

त्यानंतर जगभरातून नवनव्या पानांवर शोधनिबंधांची रीघ लागली. तुळस झाली, कोरफड झाली, शेवगा झाला. माझं स्पष्ट मत आहे की, आता नवं पान नको, जुन्याच एखाद्या पानाचा पुरता छडा लावा. कोणता रेणू इलेक्ट्रॉन देतो, कोणता वेष्टन होतो, पावसाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या पानात काय फरक पडतो, हे ठरल्याशिवाय दोन वेळा सारखा माल निघणार नाही, आणि औषधाला तर ती पहिली अट आहे. कडुनिंबाचा काढा स्वतःच जिवाणूंना रोखतो. म्हणून जिवाणूंच्या एका बशीत कण घातले, तर दुसरीत नुसता काढा आणि तिसरीत नुसतं सिल्व्हर नायट्रेट घालायलाच हवं. हे केलेलं नसेल, तर यशाचं श्रेय कणांना देता येत नाही.

चांदीचे आयन जिवाणूंच्या पेशीपटलाला आणि प्रथिनांना इजा करतात. जखमेच्या पट्ट्यांतली आणि कापडांतली चांदी धुण्यातून सांडपाण्यात उतरते, आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांचा मोठा भार जिवाणूंवरच असतो. पानाच्या काढ्यातून आली म्हणून चांदी त्यांना सोडत नाही. तो हिशेब पुढच्या आठवड्यात.