कोठीघराची किल्ली

सुरतेजवळच्या उधना स्थानकापासून तापीच्या खोऱ्यातून पूर्वेकडे जी रेल्वे जाते, तिच्यावर बारडोलीच्या अलीकडे चलथाण हे लहानसे स्थानक लागते. पलसाणा तालुक्यातील हे गाव साखर कारखान्याचे म्हणून ओळखले जाते. दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच डांग, नवापूर, नंदुरबार, धुळे ह्या बाजूंनी कोयत्याची कुटुंबे दक्षिण गुजरातच्या ह्या ऊसपट्ट्यात उतरू लागतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती घाम गाळून फेडावयाची असते. पडीक रानात बांबूच्या कामट्या रोवून वर ताडपत्री किंवा प्लास्टिक पसरले की घर झाले. अशा वस्तीस पडाव म्हणतात. उन्हाळ्यात कारखान्यांची धुराडी थंडावेपर्यंत तेथेच मुक्काम.

ह्या पडावांतील मुलांकडे पाहावे. आईबाप पहाटेच्या अंधारात फडाकडे गेलेले असतात. मागे आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन चूल पेटविते, पाण्याचा हंडा आणते, भाकर थापते, दुकानातून मीठमिरची आणताना उरलेले पैसे मोजून घेते. थोडी मोठी झाली की तीही फडात वाढे गोळा करू लागते, मोळ्या बांधू लागते. वरवर पाहणारा म्हणेल, केवढी ही स्वावलंबी पोर! आम्हांस तसे म्हणवत नाही. जिच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नाही, तिच्या कष्टांस स्वावलंबन हे नाव देणे ही शुद्ध फसवणूक होय. गावाकडची शाळा मराठी, इथली गुजराती, घरची बोली आणखी तिसरीच. ह्या तिहींच्या मधल्या बोळात अक्षर हरवून जाते. मुकादमाच्या वहीत बापाच्या नावापुढे काय मांडले आहे, ते तिला वाचता येत नाही.

म्हणून अशी मुले गावीच राहावीत, शाळेत जावीत, यासाठी हंगामी वसतिगृहे, आश्रमशाळा, मिशनची बोर्डिंगे ह्यांचा आधार घेतला जातो. आणि ज्यांस आईबाप नाहीतच, किंवा असून नसल्यासारखे आहेत, त्यांच्यासाठी बालगृहे असतात. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी बोर्डिंगचा वरणभात खाल्लेला आहे, कित्येकांची मुले आज तो खात आहेत. मूल अशा छपराखाली पोचले म्हणजे काळजी मिटली, असे आपण धरून चालतो. ती खरोखरच मिटते काय, हे थोडे पाहिले पाहिजे.

खेड्यातील एखाद्या लहान बालगृहाचा दिवस कसा जातो? पहाटे पाचाला घंटा. हातपंपापाशी तांब्या-बादल्यांची रांग. अर्धवट झोपेतली धाकटी पोरे थंड पाण्याच्या भीतीने हळूच मागे सरकतात. मग प्रार्थना, झाडलोट, तासभर अभ्यास, ताटली वाजवीत न्याहारीची वाट पाहणे, शाळा. सायंकाळी खेळ, भाजीच्या वाफ्यांना पाणी, पुन्हा अभ्यास, जेवण; नऊच्या सुमारास दिवे मालवले जातात. ज्या मुलाच्या घरी संध्याकाळी भाकर मिळेल की मार मिळेल ह्याचा नेम नव्हता, त्याला ठरल्या वेळी ताट पुढे येते एवढ्यानेच केवढा धीर येतो! पहिले काही महिने अशी मुले उशाखाली भाकरीचे तुकडे लपवून ठेवतात. एके दिवशी लपविणे आपोआप थांबते. त्या दिवशी मूल त्या घराचे झाले असे समजावे. तेव्हा शिस्तीची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही.

परंतु ह्या शिस्तीच्या पोटातच एक उणीव दडलेली असते. मीठ कोठून येते? कोठीघरातून. साबणाची वडी? कोठीघरातून. वही, खोबरेल तेल, चादर, सारे कोठीघरातून. आणि कोठीघराची किल्ली असते व्यवस्थापकांच्या कमरेला. दहा वर्षे असे गेल्यावर मुलगा दहावी-बारावी होतो, कवायत उत्तम करतो, चार माणसांत अदबीने बोलतो; पण तुरीच्या डाळीचा भाव काय, हे त्यास ठाऊक नसते. त्याने कधी एकट्याने एस.टी.चे तिकीट काढलेले नसते. आजारी पडल्यावर दवाखान्यात काय सांगावे, बँकेत पैसे भरण्याची चिठ्ठी कशी लिहावी, खोली भाड्याने देणारा अधिक पैसे मागत असेल तर काय म्हणावे, ह्यांपैकी एकही प्रसंग त्याच्यावर आलेला नसतो. पडावातील मुलीला हे सारे येते, पण वाचता येत नाही. बालगृहातील मुलाला वाचता येते, पण ह्यांतले काही येत नाही. एकीवर जगाचे ओझे वेळेपूर्वी पडले, दुसऱ्यास ते हाती धरून पाहूच दिले नाही.

संत जॉन बॉस्को यांचा एक प्रसंग आमच्या वाचकांना आठवत असेल. इटलीतील ट्युरिन शहराबाहेर त्यांनी अनाथ, भटक्या मुलांना रात्रीचा आसरा देण्यास आरंभ केला, तेव्हा पहिल्या मुक्कामाची मुले पांघरुणे घेऊन पसार झाली. पुढे १८४७ च्या मे महिन्यात भर पावसात एक पंधराएक वर्षांचा गवंडीकाम करणारा पोर दाराशी आला. बॉस्को यांच्या वृद्ध आईने, मार्गारीता माऊलीने, त्याला गरम सूप दिले, स्वयंपाकघरात विटा व फळ्या मांडून बिछाना करून दिला, दोन शब्द मायेचे सांगितले. आणि नंतर स्वयंपाकघराला कुलूप लावले, न जाणो भांडी जातील! माऊलीचे ते कुलूप आम्हांस फार प्रामाणिक वाटते. विश्वास हा काही पहिल्या रात्री आकाशातून पडत नाही.

पण त्या घराची गोष्ट त्या कुलपापाशी संपली नाही. मुले शहरात सुतार, काच बसविणारे अशा कारागिरांकडे काम शिकू लागली, तेव्हा बॉस्को यांनी त्यांच्या मालकांशी रीतसर लेखी करार करण्याचा परिपाठ ठेविला. १८५२ च्या फेब्रुवारीतील अशा एका करारात एका सुताराने मुलाला आपली कला शिकवावी, चुकल्यास शब्दांनी समज द्यावी, मारू नये, सणावाराला सुटी द्यावी, अशी बंधने त्याच्यावर घातली आहेत. खाली मालकाची सही, बॉस्कोंची सही, आणि त्या पोराचीही सही आहे. ही तिसरी सही आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. ज्या मुलाच्या वतीने आजवर सारे दुसऱ्यांनी ठरविले, त्याचे नाव प्रथमच त्याच्याच हाताने एखाद्या व्यवहाराच्या कागदावर उमटले. पुढल्याच वर्षी, १८५३ मध्ये, त्यांनी घरातच चांभारकाम व शिवणकाम यांचे वर्ग काढले.

वॉर्सा शहरातील डॉक्टर यानुश कोर्चाक ह्यांनी १९१२ पासून चालविलेल्या ज्यू मुलांच्या अनाथालयात तर मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. न्यायाधीश मुलेच, फिर्याद कोणाविरुद्धही करता येई, आणि खुद्द डॉक्टरांनाही त्या न्यायालयापुढे उभे राहावे लागले. नव्याने आलेल्या मुलाला घराची रीत शिकविण्यासाठी एखादे थोरले मूल पालक म्हणून नेमले जाई. १९४२ च्या ऑगस्टात नाझींनी त्या मुलांना त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीकडे नेले, तेव्हा डॉक्टर त्यांच्याबरोबर गेले.

आपल्याकडील सरकारी नियमही ह्या बाबतीत मागे नाहीत, हे कित्येकांना ठाऊक नसते. बालन्याय कायद्याखालील २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक बालगृहात मुलांच्या समित्या असावयास हव्यात; सहा ते दहा, अकरा ते पंधरा व सोळा ते अठरा अशा वयोगटांच्या निरनिराळ्या. कागदावर त्या बहुधा असतातही. पण ज्या समितीला खिचडीऐवजी पोहे करा एवढेही ठरविता येत नाही, ती समिती कसली? त्यापेक्षा थोरल्या मुलांकडे पाळीपाळीने कोठीघराची किल्ली आणि साठ्याची वही द्यावी. मुलग्यांनीही कणीक मळावी. आठवड्याच्या बाजाराला यादी आणि पैसे देऊन दोघा-तिघांना पाठवावे, परतल्यावर हिशेब मांडून घ्यावा. वांगी किडकी निघाली, दहा-वीस रुपये चुकले, तर तो शिकवणीचा खर्च समजावा. अशी चूक बारा वर्षांच्या मुलाने केली तर सारे घर हसते. अठरा वर्षांच्या मुलाने परक्या शहरात केली तर त्याला उपाशी राहावे लागते.

आणि अठरावे वर्ष तर येतेच. कायद्याने त्या दिवशी मूल हे मूल राहत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यात त्यापुढे एकविसाव्या वर्षापर्यंत मदतीची तरतूद आहे. २०२२ च्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत अशा तरुणांसाठी दरमहा ४००० रुपये ठरविलेले आहेत. पण वाढदिवसाच्या सकाळी पेटी घेऊन फाटकाबाहेर पडताना, सणाला कोठे जावयाचे, ताप आला तर कोणाला कळवावयाचे, हा प्रश्न ४००० रुपयांनी सुटत नाही.

तो कसा सुटू शकतो हे पाहावयाचे तर पुन्हा चलथाणच्या त्या रेल्वेमार्गाने पूर्वेस जावे लागेल. व्यारा, सोनगढ मागे टाकून गाडी नवापूरला येते. ह्या स्थानकाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे, ही मौज तिकडच्या प्रवाशांना माहीत आहेच. मग नंदुरबार, अमळनेर, धरणगाव, आणि शेवट जळगाव. ह्याच जळगावच्या स्थानकावर पंचवीसएक वर्षांपूर्वी कचऱ्याच्या कुंडीत एक तान्ही मुलगी सापडली. डोळ्यांनी अंध. पोलिसांनी शोध घेतला, आईबाप मिळाले नाहीत. रिमांड होममधून तिची रवानगी झाली ती अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याजवळच्या वझ्झर गावी, शंकरबाबा पापळकर ह्यांच्या बालगृहात.

शंकरबाबा हे गाडगे महाराजांच्या वाटेने चालणारे. वझ्झरच्या उजाड माळावर त्यांनी अंध, मूकबधिर, बुद्धीने मंद अशी, कोणीही न विचारलेली मुले गोळा केली. अशा १२३ मुलांच्या नावापुढे त्यांनी बाप म्हणून स्वतःचे नाव लाविले. सर्वांचे आडनाव पापळकर. मुलांनी त्या माळावर हजारो झाडे लावली व जगविली. बोलता न येणाऱ्याला खड्डा खणता येतो, डोळे नसलेल्याला बादली पुढच्याच्या हाती देता येते. माझ्यावाचून हे झाड वाळेल, ही जाणीव ज्याला झाली, तो कोणाच्या दयेवर राहिलेला नाही. कोठीघराची किल्ली हाती देणे म्हणतात ते हेच. फक्त इथे तिचे रूप पाण्याच्या बादलीचे आहे.

जळगावची ती मुलगी ब्रेल लिपी शिकली, अमरावतीच्या विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेतून २०१८ मध्ये पदवीधर झाली, आणि आधीचे प्रयत्न फसल्यावरही पुन्हा बसून २०२४ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री मिळाली. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. वझ्झरच्या कित्येक मुलामुलींचे विवाहही झाले आहेत. २०२० च्या डिसेंबरात तेथीलच एका मूकबधिर जोडप्याचा विवाह नागपुरात झाला, तेव्हा राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी वधूपिता म्हणून आणि जिल्हाधिकाऱ्यांनी वरपिता म्हणून उभे राहण्यात कमीपणा मानिला नाही.

असे असले तरी सर्वांनाच परीक्षा देता येणार नाही, सर्वांचीच लग्ने होणार नाहीत. काहींना आयुष्यभर कोणीतरी घास भरवावा लागेल. म्हणून शंकरबाबांची मागणी अशी की, बेवारस अपंग मुलांना अठराव्या वर्षी घराबाहेर काढणारा नियम त्यांच्यापुरता बदलावा, आणि त्यांना जन्मभर राहता येईल असा कायदा व्हावा. ही मागणी ते अनेक वर्षे करीत आले आहेत. काहींना वाटेल, आतापर्यंत आम्ही मुलांना घराबाहेर पडण्यास शिकवा असे सांगत होतो, आणि आता घरातच ठेवा म्हणतो. आम्हांस ह्यात विसंगती दिसत नाही. शेतकऱ्याचा मुलगा मुंबईला नोकरीस जातो तो गावचे घर उभे आहे ह्या भरवशावर, आणि त्याचा अधू भाऊ त्याच घराच्या ओट्यावर म्हातारा होतो. त्या अधू भावाला अठरा वर्षे झाली म्हणून कोणी ओट्यावरून उठवीत नाही.

वझ्झरची जी मुले अठरा ओलांडूनही माळावरच राहिली आहेत, ती आजही शंकरबाबांना बाबा म्हणतात.